राक्षसाचे सोंग आणि बलाढ्याचे आकर्षण : 'अललडुर्र' ते 'हाफ-ऑर्क'

प्रस्तावना

ज्या खेळात खेळाडू एखादे काल्पनिक पात्र धारण करतो, त्याच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो आणि त्या निर्णयाचे फळ भोगतो, त्या खेळास प्रस्तुत लेखात 'भूमिकाखेळ' असे म्हटले आहे. मराठी समीक्षेने या प्रकाराकडे आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. तो मुलांचा, फार तर अभियांत्रिकीच्या वसतिगृहांतील रिकाम्या वेळेचा विषय आहे, अशी आपणा प्राध्यापकांची समजूत असते. प्रस्तुत लेखकाचीही तीच होती. मंगळवेढ्याहून पुण्यास शिकावयास गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने एकदा सुटीत येऊन एक प्रश्न विचारला आणि ती समजूत डळमळली. तो व त्याचे मित्र रविवारी एकत्र बसून असा एक इंग्रजी खेळ मराठीतून खेळत असत. पात्राची माहिती लिहिण्याच्या कागदावर 'रेस' असा एक रकाना होता. 'सर, याला मराठीत काय म्हणायचे?' एवढाच त्याचा प्रश्न.

'वंश' म्हणावे तर त्यात रक्ताचा आणि राजघराण्याचा वास येतो. 'कूळ' म्हणावे तर शेतजमिनीचा कायदा आठवतो. मराठीत सर्वांत सहज येणारा शब्द 'जात' हाच. कारण आपण 'मानवजात' म्हणतो, आंब्याची जात म्हणतो, गाईची जात म्हणतो. परंतु तो शब्द त्या रकान्यात लिहिण्यास विद्यार्थ्याचा हात धजला नाही, आणि माझाही धजला नसता. त्याने स्वतःसाठी निवडलेले पात्र होते 'हाफ-ऑर्क' : साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचे, करड्या-हिरवट कातडीचे, खालच्या जबड्यातून सुळे बाहेर आलेले. हा विद्यार्थी अंगाने किरकोळ, स्वभावाने भिडस्त, आणि गुणपत्रिकेत नेहमी वरच्या श्रेणीत असणारा. त्याने चपळ, देखणे, विद्वान असे पात्र का निवडले नाही? त्याच्या गटातील पाचपैकी तिघांनी असेच आडदांड पात्र का घ्यावे?

या प्रश्नाचे तयार उत्तर मानसशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात सापडते : दुर्बळाला बळाचे स्वप्न पडते. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते आळशी उत्तर आहे. तालमीत रोज हजार बैठका मारणारा पोरगाही मारुतीपुढेच हात जोडतो. बळाची ओढ केवळ बळ नसणाऱ्याची असती, तर पैलवानाला बलदेवतेची गरजच उरली नसती.

सांगलीचा सूत्रधार

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण ५ नोव्हेंबर १८४३ या दिवसापासून मोजतो. सांगलीस श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. अभ्यासक्रमात आपण हे शिकवितो, परंतु त्या नाटकाची रीत कशी होती यावर फार थांबत नाही. सूत्रधार पद्यातून कथानक पुढे नेई. पात्रांना लिहिलेले संवाद नसत. प्रसंग ठरलेला, पात्राचा स्वभाव ठरलेला, आणि बोलणे मात्र ज्याचे त्याने जागच्या जागी रचावयाचे. आजच्या भूमिकाखेळात कथन करणारा एक सूत्रधार असतो, तो प्रसंग मांडतो, आणि बाकीचे खेळाडू आपापल्या पात्राच्या तोंडून उत्स्फूर्त बोलतात. फरक आहे तो फाशांचा, आणि तिकीट काढून बसलेला प्रेक्षक नसण्याचा. रचना पाहता सांगलीच्या त्या मंडपात आणि पुण्यातील त्या खोलीत बरेच साम्य आहे.

या नाटकांत देव, ऋषी, स्त्रीपात्रे, विदूषक असे ठरीव गट असत आणि त्यांत राक्षसांचा गट विशेष लोकप्रिय होता. रंगविलेला चेहरा, हातात तलवार, पायांखाली थरथरणारी रंगभूमी, आणि 'अललडुर्र' अशी आरोळी. या आरोळीवरूनच पुढे त्या सबंध नाट्यप्रकारास 'अललडुर्र नाटके' असे हिणवले गेले. हिणवणारे कोण होते, हे पाहण्यासारखे आहे. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक १८६१ साली आले, तेव्हापासून लिखित संहितेचे, 'बुकिश' म्हटले गेलेले नाटक रूढ होऊ लागले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' आले. नव्या शिक्षित प्रेक्षकाला संयत अभिनय, संहिता आणि संगीत हवे होते. राक्षसाच्या धिंगाण्यात त्याला गावंढळपणा दिसला. अभिरुचीतील हा बदल मराठी नाटकाला फार पुढे घेऊन गेला, याबद्दल वाद नाही. परंतु त्याबरोबर एक गोष्ट आपण नोंदविलीच नाही : राक्षसाचे काम करणाऱ्याला आणि ते पाहणाऱ्याला त्यातून नेमके काय मिळत होते, हा प्रश्न विचारण्याआधीच निकाल लागला होता. आज विद्यार्थ्यांच्या खेळाकडे पाहताना आपण तोच निकाल वाचून दाखवितो.

काय मिळत होते? प्रस्तुत लेखकाच्या मते, मुख्यतः मोकळीक. रामाने रामासारखेच बोलले पाहिजे. एकही शब्द वावगा गेला तर प्रेक्षक सहन करणार नाही. राक्षसाला ते बंधन नाही. तो ओरडू शकतो, खाऊ शकतो, नाचू शकतो, देवांची टर उडवू शकतो. कोकणातील दशावतारात वेद चोरणारा संकासुर हा वधासाठीच येतो, पण वध होईपर्यंत रंगमंच त्याचाच असतो आणि मुलांना आठवतो तोही तोच. नाशिक-पालघर भागातील आदिवासींच्या बोहाड्यात जड लाकडी मुखवटे घालून सोंगे नाचविली जातात. त्यांत देवांबरोबर राक्षसांचीही सोंगे असतात आणि सोंगाचा मान घराण्याकडे चालत येतो. राक्षसाचे सोंग आपल्या घराकडे असणे ही तेथे लाजेची बाब नसून मानाची आहे.

बळाची किंमत

आता त्या इंग्रजी खेळाकडे वळू. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. आधुनिक भूमिकाखेळाचा तो मूळ ग्रंथ. त्यात प्रत्येक पात्राचे सहा गुण तीन-तीन फासे टाकून ठरत. मराठीत सांगावयाचे तर बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि छाप. प्रत्येकाचे मोल ३ ते १८ यांच्या दरम्यान. आरंभीच्या पुस्तिकांत माणूस, बुटका, एल्फ आणि हॉबिट एवढेच पर्याय होते. मात्र खेळाडूला दुसरे काही व्हावयाचे असेल तर सूत्रधाराने हरकत घेऊ नये, फक्त त्याने दुर्बळ अवस्थेपासून आरंभ करावा, अशी मुभा दिलेली होती. ही अट अर्थपूर्ण आहे. बलाढ्य व्हा, पण आधी दुर्बळ होऊन दाखवा.

१९७८ सालच्या खेळाडूंसाठीच्या ग्रंथात 'हाफ-ऑर्क' प्रथम पर्याय म्हणून आला. ऑर्क ही टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतून लोकप्रिय झालेली, सैतानी सेनेत झुंडीने लढणारी जमात. तिचा माणसाशी संकर म्हणजे हाफ-ऑर्क. १९८९ च्या आवृत्तीतील मुख्य ग्रंथातून तो वगळला गेला आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत परतला. परतताना त्याच्या नावापुढे एक हिशेब होता : बळात दोन गुण अधिक, बुद्धीत दोन वजा, छापेत दोन वजा. म्हणजे दोन घ्या आणि चार द्या. खेळाच्या समतोलासाठी असे करावे लागते, असे त्याचे समर्थन केले जाई.

हा हिशेब आपल्याला परका नाही. 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' ही म्हण आपण प्राथमिक शाळेपासून ऐकतो, आणि तिच्या गोष्टीत सिंह नेहमी मूर्ख व ससा नेहमी शहाणा असतो. बळ आणि बुद्धी या एकाच तराजूच्या दोन पारड्यांत आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, हे गृहीतक इतके मुरलेले आहे की ते गृहीतक आहे हेच लक्षात येत नाही. वास्तविक आपल्याच भाषेने सर्वांत बौद्धिक मानल्या गेलेल्या खेळाला 'बुद्धिबळ' हे नाव दिले आहे. कुस्तीच्या फडात बसणारा कोणताही जुनाजाणता माणूस सांगेल की ताकद आणि डाव यांना वेगळे काढता येत नाही. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट या हलक्या गटाचे मल्ल होते. आडदांड देह हीच ताकद, हे समीकरण तालमीने कधी मान्य केले नाही. ते पुस्तकांनी मान्य केले.

यानंतरचा इतिहास थोडक्यात. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या संगणकीय खेळात ऑर्क आणि बैलमुखी टॉरेन हे खलपक्ष म्हणून न येता स्वतःचा इतिहास, स्वतःचे दुःख असलेले समाज म्हणून आले आणि जगभरच्या खेळाडूंनी ते आवडीने निवडले. त्याच वर्षी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये गोलायथ ही डोंगरात राहणारी महाकाय जमात आली, २००८ साली ड्रॅगनबॉर्न मुख्य ग्रंथात आले. बलाढ्य पात्रांची मागणी वाढतच गेली आणि वजा गुणांचा हिशेब हळूहळू मागे पडला.

वृकोदराची भूक

आपल्याकडे बलाढ्याचे आदिरूप म्हणजे भीम. 'हरिविजय', 'रामविजय' आणि 'पांडवप्रताप' रचणारे श्रीधर कवी मंगळवेढ्याशेजारच्या सांगोला तालुक्यातील नाझरे गावचे. 'पांडवप्रताप' १७१२ च्या सुमाराचा. चातुर्मासात गावोगावच्या देवळांत या ग्रंथाचे वाचन होत आले आहे. प्रस्तुत लेखकाने लहानपणी असे वाचन ऐकले आहे आणि बकासुराच्या अध्यायाच्या दिवशी देऊळ अधिक भरलेले असे, हेही पाहिले आहे.

त्या कथेत भीम काय करतो? बकासुरासाठी नेलेला गाडाभर भात तो स्वतः खात बसतो. राक्षस येऊन पाठीत गुद्दे घालतो, झाडे उपटून मारतो. भीम मागे वळूनही पाहत नाही, घास संपवितो, आणि मग उठतो. श्रोत्यांना वधापेक्षा हे जेवण अधिक आवडते. ज्वारीचे कोठार म्हणविणाऱ्या, मालदांडीच्या कणसांसाठी प्रसिद्ध असलेल्या, २०१६ साली जिच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले त्या या भूमीला दुष्काळही तितकाच परिचित आहे. दामाजीपंतांनी बादशाहाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, ही येथील सर्वांत मोठी कथा आहे. म्हणजे येथील संतत्वाचा संबंधही धान्याशी आहे. अशा ठिकाणी पोटभर, निर्धास्त, कोणाचीही पर्वा न करता जेवणारा पुरुष हा शौर्याच्या आधी तृप्तीचा नायक असतो. बलाढ्य पात्राच्या आकर्षणात ही भूक आहे, आणि ती पाश्चात्त्य खेळांच्या नियमांत कोठेच नोंदलेली नाही. तेथे देह मोठा असतो, पण पोट नसते.

भीम बुद्धिहीन आहे काय? विराटाच्या घरी अज्ञातवासात तो आचारी होतो. द्रौपदीची विटंबना झाल्यावर धर्मराज संयम शिकवितो, अर्जुन बृहन्नडेच्या वेषात अडकलेला असतो. कृती करतो तो भीम. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' (१९०७) या नाटकाचे सारे सामर्थ्य या विरोधातून आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल पाहिले. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. पुढे १९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 'सैरंध्री' या मूकपटात तोच वध इतका प्रत्ययकारी दाखविला की ते दृश्य कापणे भाग पडले. दोनदा, दोन वेगळ्या माध्यमांत, सत्तेला खुपला तो भीमाचा देह. येथे बळाचा अर्थ मंदबुद्धी असा नाही. अन्याय दिसल्यावर त्याच्या हिशेबात न रमण्याची शक्ती असा आहे. माझ्या विद्यार्थ्याला मी पुढे विचारले तेव्हा त्याने दिलेले उत्तर याच्या जवळ जाणारे होते. तो म्हणाला, 'सर, बाकीचे योजना ठरवत बसतात. मी दार तोडतो.' वर्गात हाच विद्यार्थी परवानगीशिवाय पाणी प्यावयासही उठत नसे.

घटोत्कचाची उपयुक्तता

भीम मात्र राजपुत्र आहे. 'हाफ-ऑर्क'चे खरे भारतीय भावंड भीम नसून त्याचा पुत्र घटोत्कच होय : बाप क्षत्रिय, आई हिडिंबा राक्षसी, जन्म अरण्यातला, आणि आठवण होते ती गरज पडल्यावर. लोकपरंपरेने त्याच्यावर जीव टाकला. पैठण शैलीच्या चित्रकथींत वत्सलाहरणाची कथा आहे. अभिमन्यूचे लग्न जुळावे म्हणून हा अवाढव्य राक्षस नवरीचे रूप घेतो आणि सगळ्या वऱ्हाडाची त्रेधा उडवितो. राक्षसाने नवरीचे सोंग घेणे यात जी गंमत आहे, ती सोंगात सोंग असण्याची आहे.

महाभारताने मात्र त्याच्यासाठी वेगळा शेवट राखून ठेवला आहे. चौदाव्या रात्रीच्या युद्धात कर्णाला अर्जुनासाठी जपलेली शक्ती घटोत्कचावर टाकावी लागते. मरताना तो आपला देह वाढवितो आणि कौरवसेनेवर कोसळतो, म्हणजे प्रेत होऊनही आपल्या पक्षाच्या कामी येतो. पांडव शोक करतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो. पुढे तो अर्जुनाला सांगतो की कर्णाने याला मारले नसते तर कधीतरी मलाच मारावे लागले असते, कारण हा यज्ञांचा द्वेष्टा होता. द्रोणपर्वातील हा प्रसंग वाचताना अस्वस्थ न होणारा वाचक विरळा.

भूमिकाखेळात बलाढ्य पात्राचे ठरलेले काम असते पुढे उभे राहून घाव झेलण्याचे. विद्यार्थी त्याला 'टँक' म्हणतात. मागे उभे राहून मंत्र म्हणणारा, बाण सोडणारा, सौदा करणारा हे सारे त्याच्या आडोशाने जगतात. आपण गटाला लागतो, आपल्याशिवाय हे पुढे जाऊ शकत नाहीत, ही जाणीव या निवडीतील सर्वांत सूक्ष्म सुख असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. बाहेरचा, विद्रूप, अर्धाच आपला असलेला माणूस येथे उपयुक्ततेच्या बळावर आत घेतला जातो. परंतु उपयुक्ततेने मिळालेली जागा उपयुक्ततेबरोबर जाते. घटोत्कचाच्या कथेने हे सांगितले आहे. खेळाचे नियम ते सांगत नाहीत. या भूमिकेतील सुख खरे आहे, पण तिचा करार तपासला जात नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

जन्म की व्यवसाय

२०२० साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या एका पूरक ग्रंथाने जन्मावरून मिळणारे गुण खेळाडूला हवे तसे हलविण्याची मुभा दिली. २०२४ च्या नव्या ग्रंथात 'रेस' हा शब्दच गेला, त्या जागी 'स्पीशीज' म्हणजे प्रजाती हा शब्द आला. ऑर्क व गोलायथ राहिले, हाफ-ऑर्क वगळला गेला. गुणांची वाढ आता जन्माशी न जोडता पात्राच्या पूर्वायुष्याशी, मुख्यतः व्यवसायाशी जोडलेली आहे. शेतकरी असाल तर बळ, काटकपणा आणि शहाणपण यांत वाढ मिळते.

अमेरिकन वाचकाला ही सुधारणा सरळ वाटेल. जन्मावरून बुद्धी कमी ठरविणे अन्याय्य आहे, तो दूर झाला. त्याचे स्वागत केलेच पाहिजे, आणि शेतकऱ्याला शहाणपण बहाल करणाऱ्या नियमकर्त्यांचे आपल्या तालुक्याने विशेष आभार मानावेत. परंतु ज्या समाजात जन्म आणि व्यवसाय या दोन गोष्टी शतकानुशतके एकच होत्या, तेथील वाचक इतक्या लवकर निर्धास्त होऊ शकत नाही. आपल्याकडे बळ कोणाच्या वाट्याला आले, याचा हिशेब व्यवसायानेच मांडला होता. ओझे कोणी वाहावे, मेलेले गुरू कोणी ओढावे, गावकूस कोणी बांधावे, हे ठरलेले होते. परंपरेनुसार इ.स. १३३८ साली याच मंगळवेढ्यात कूस बांधण्याचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले. ज्याच्या अभंगांत इतकी सूक्ष्म बुद्धी आहे, त्याचा देह समाजाने दगड उचलण्यापुरता मोजला होता. 'बळात दोन अधिक, बुद्धीत दोन वजा' हा हिशेब येथे खेळ नव्हता.

आणि तरीही दामाजीपंतांच्या कथेत भगवंताला बिदरच्या बादशाहाकडे धान्याचे मोल पोहोचवावयाचे होते, तेव्हा त्याने सरदाराचे वा सावकाराचे रूप घेतले नाही. तो विठू महार होऊन गेला. लोककल्पनेला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा तिने देवासाठी जे सोंग निवडले ते ओझे वाहणाऱ्याचे. माझ्या विद्यार्थ्याने हाफ-ऑर्क का निवडला, याचे एक उत्तर या कथेच्या आसपास कोठेतरी आहे, असे मला वाटत आले आहे. ते सिद्ध करण्याचे साधन मात्र समीक्षेपाशी नाही.

पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० साली 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा संगणकीय खेळ आणला. त्यात खेळाडू होतो ती सर्कशीत कसरती करणारी एक लहान मुलगी. अवाढव्य असुर हे तिचे शत्रू आहेत आणि ते शत्रूच राहतात. खेळ देखणा आहे. पण असुर होण्याची मुभा त्यात नाही, म्हणजे भाव्यांच्या मंडपात जी होती तीही नाही. उद्या कोणी मराठी भूमिकाखेळ रचावयास घेतला आणि त्यात घटोत्कच निवडता येण्याजोगे पात्र म्हणून ठेवला, तर नियमकर्त्याला पहिल्याच पानावर एक निर्णय घ्यावा लागेल : कर्णाजवळ ती एकच शक्ती शिल्लक आहे आणि कृष्णाला ते ठाऊक आहे, ही गोष्ट घटोत्कच होऊन बसलेल्या खेळाडूला आधी सांगावयाची की नाही. मी हा प्रश्न त्या विद्यार्थ्यापुढे ठेवला. बराच वेळ विचार करून तो म्हणाला, 'सांगायला पाहिजे, सर. सांगितलं तरी मी तोच घेईन.' 'रेस'चा रकाना त्याने अद्याप कोराच ठेवला आहे.